फुकटचं नको

माहुलीच्या सुळक्यांचे फोटो विकायला मी वेबसाइट काढली, तेव्हा "लेकाचा आता डोंगर विकायला निघाला!" एवढंच शहापूरकर म्हणाले. गिऱ्हाईक एकच आलं. तेही डोंगर सोडून मुरबाडच्या बाजारातल्या करवंदवाल्या आजींच्या फोटोवर भाळलं. दीड हजार रुपये! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. म्हणजे प्रश्नच मिटला! तरी एक प्रत आजींना नेऊन दिली. निरखून म्हणाल्या, "बरा आलाय. किती द्यायचं?"

मी खजील. घाईघाईने करवंदांचा द्रोण उचलला, पाचशेची नोट पुढे केली.

"सुटे नाहीत रे."

"राहू द्या."

"फुकटचं नको, बाबा," नोट परत करीत आजी म्हणाल्या.

फुकटचं नेमकं कोणी घेतलं होतं, ते काही त्या कायद्यात सापडत नाही.