उभ्या विमानाजवळ जाताना

मच्छे, जि. बेळगाव

चि. भाच्यास,


बंगळूरच्या विमानतळावर तुला ग्राउंड हँडलिंगमध्ये ड्रायव्हरचे काम लागले, हे ताईने सांगितले. बरे वाटले. मच्छेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत फोर्कलिफ्ट चालवून तुझा हात बसलेला आहे. विमानतळाच्या आत गाडी चालवायला लागणारा एडीपी परवानाही तू काढशील. पण माझी सगळी नोकरी मुंबईच्या ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर गेली, म्हणून थोडे सांगतो. हे सगळे ट्रेनिंगमध्येही सांगतात, फक्त विमान उशिरा आले आणि सगळे ओरडू लागले की ते आठवत नाही.

उभ्या विमानाला कोण कसा धडकेल, असे तुला वाटेल. तुझ्याच विमानतळावर १८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी एक टेम्पो ट्रॅव्हलर इंडिगोच्या उभ्या विमानाच्या नाकाखाली घुसली आणि तिचे छत चेपले. त्याच वर्षी १४ जुलैला मुंबईत मालाचा ट्रक अकासाच्या उभ्या विमानाच्या पंखाला लागला. दिल्लीत २ ऑगस्ट २०२२ रोजी गो फर्स्टची मोटार इंडिगोच्या विमानाखाली गेली आणि पुढच्या चाकाला लागता लागता राहिली. कोलकात्यात डिसेंबर २०१५ मध्ये पहाटे जेट एअरवेजची बस एअर इंडियाच्या एटीआरला धडकली. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, असे तेव्हा बातम्यांत आले. हे सगळे ड्रायव्हर विमानतळाच्या आत गाडी चालवणारेच होते. जागा ओळखीची झाली की नजर सैल पडते, हे लक्षात ठेव.

म्हणून सवय पहिल्या दिवसापासून लाव. विमान जागेवर येऊन थांबले तरी लगेच पुढे जायचे नाही. इंजिने बंद, वरचा लाल दिवा विझलेला, चाकांना चोक म्हणजे अडवणारे ठोकळे लागलेले, हे स्वतः पाहायचे आणि इशारा मिळाल्यावरच निघायचे. विमानापासून लांब असतानाच एकदा पूर्ण थांबून ब्रेक तपासायचा. नंतर चालत्या माणसाच्या वेगाने जायचे. रिव्हर्स घेताना मागे गाइड उभा नसेल तर गाडी हलवायची नाही, मग मागून कुणी कितीही हॉर्न मारो. पंखाखालून जवळचा रस्ता दिसला तरी तो आपला नाही.

सामान चढवणाऱ्या बेल्ट लोडरच्या तोंडाशी रबराचा बंपर असतो. तो चुकून लागला तर वाचवायला आहे, टेकवून ठेवायला नाही. सामान आणि इंधन चढते-उतरते तसे विमान खाली बसते, वर उठते. टेकलेला बेल्ट पत्र्यात घुसतो. गाडी लावली की हँडब्रेक ओढायचा आणि तिच्या चाकालाही चोक लावायचा. नाकाजवळ बाहेर आलेल्या बारीक नळ्यांवरून वैमानिकाला वेग कळतो, त्यांच्या आसपास तर जास्तच जपून.

झोप पुरी झाली नसेल तर तसे सांगायचे. दुसरी पाळी लागोपाठ करशील का, असे विचारतील. ओव्हरटाइमचे पैसे दिसतात, पण पहाटेच्या वेळी डोळा कधी लागतो ते आपल्याला कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. एवढे करूनही कधी धक्का लागलाच, तर काय करायचे?

अमेरिकेत सिॲटल विमानतळावर २६ डिसेंबर २००५ रोजी सामानाच्या कामातल्या एका माणसाकडून अलास्का एअरलाइन्सच्या उभ्या विमानाला धक्का लागला. तो कुणाला बोलला नाही. विमान प्रवासी घेऊन उडाले. सुमारे २६,००० फुटांवर, धक्का लागलेल्या जागी पत्रा फाटून फूटभर लांब भोक पडले, आतली हवा निघून गेली आणि ऑक्सिजनचे मास्क खाली आले. वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणून परत सिॲटलला उतरवले. सगळे वाचले. तो माणूस जमिनीवर दोन शब्द बोलला असता तर विमान तिथेच थांबले असते.

हे का होते, ते तुला समजावणे सोपे आहे. इस्टेटीत हायड्रॉलिक सिलिंडर प्रेशर टेस्टला लावताना तू पाहिला आहेस. हातात घेतल्यावर चांगला दिसणारा जॉब दाब दिला की बारीक चिरेतून गळतो. विमानाला तर प्रत्येक उड्डाणात आतून असा दाब सोसावा लागतो. ड्रीमलायनरसारख्या विमानात वजनाने निम्मा भाग कंपोझिटचा असतो. त्याला मार बसला तर वरून डागही दिसत नाही आणि आतले थर सुटलेले असतात. तेव्हा ‘काही दिसत नाही, म्हणजे काही झाले नाही’ हे ठरवायचा अधिकार तुला नाही, मला नव्हता आणि तुझ्या सुपरवायझरलाही नाही. तो विमान तपासणाऱ्या इंजिनिअरचा.

धक्का लागला की गाडी तिथेच थांबव. घाबरून मागे घेऊ नकोस. अडकलेली गाडी ओढली की पत्रा आणखी फाटतो. इंजिनिअरला बोलाव. विमान निघायच्या बेतात असेल तर कोणत्याही मार्गाने वैमानिकांपर्यंत निरोप पोहोचव. कंट्रोलला कळव. नंतर काय, कधी आणि कुठे लागले ते खरे लिहून दे.

नोकरीचे काय, असे तू विचारशील. कंत्राटी माणसाला ही भीती असतेच आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. चौकशी होईल, परवाना काही दिवस अडकेल, कदाचित काम जाईलही. जमिनीवरच्या अशा नुकसानीचा वर्षाचा खर्च २०३५ पर्यंत जवळपास १० अब्ज डॉलरवर जाईल, असा अंदाज आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये दिला होता. एवढा पैसा अडकलेला असल्यावर कंपन्या चिडणारच. पण धक्का सांगणाऱ्याला दुसरीकडे पुन्हा उभे राहता येते. लपवलेला धक्का वर गेल्यावर उघडा पडला, तर विमानात बसलेल्या माणसांना काय सांगशील?

आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावर एरोब्रिज नाही, लोक उतरून चालत येतात. तिथे एखाद्या एटीआरजवळ ट्रॅक्टर किती हळू जातो, ते सुट्टीत आलास की बघ. गर्दी कमी म्हणून तिथे नियम कमी होत नाहीत, आणि बंगळूरला गर्दी जास्त म्हणूनही होत नाहीत.

पहिल्या पाळीला जायच्या आधी एक काम कर. कंट्रोलचा, इंजिनिअरिंग डेस्कचा आणि तुझ्या सुपरवायझरचा नंबर मोबाइलमध्ये भर, शिवाय खिशातल्या डायरीतही लिहून ठेव. झाले की मला फोन कर. ताईची काळजी करू नकोस, आम्ही जवळच आहोत.

तुझा,
मामा