नवा ताल आणि जुना हात

जाणत्यानें पुन्हां अजाण व्हावें काय, आणि व्हावयाचें ठरविलें तरी त्यास तें साधेल काय, हा प्रश्न वरवर पाहतां चमत्कारिक वाटतो. ज्ञान मिळविण्यासाठीं मनुष्य आयुष्य वेंचतो. मिळालेलें ज्ञान बाजूस ठेवण्याचा प्रसंग त्याजवर कां यावा? आम्हांवर तो प्रसंग आला, आणि तो तत्त्वचिंतन करितांना नव्हे, तर ड्रम वाजवितांना आला.

आमचा हात घडला तो रॉक आणि पॉप संगीतावर. नगर शहरांत (आतां त्यास अहिल्यानगर म्हणतात) तरुणपणीं कॅसेटी ऐकून ऐकून आम्हीं तें वादन आत्मसात केलें. त्याचा व्यवहार सरळ आहे. चार मात्रांपैकीं पहिलीवर पायानें मोठ्या ड्रमचा ठोका आणि दुसरी व चौथी यांवर स्नेअरचा कडाडता आघात. गाणारा व गिटारवाला या आघातांच्या आधारानें चालतात. ड्रम वाजविणारा तेथें घराचें आढें होऊन बसतो, आणि वीस वर्षें आढें होऊन बसलेल्यास आपण घरच आहों असें वाटूं लागतें.

पुढें क्यूबा बेटाच्या संगीताची ओढ लागली. आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या लोकांनीं आपले ताल त्या बेटावर जतन केले. तेथील गुलामगिरी 1886 सालीं संपली, ताल मात्र टिकले. या संगीताचें मर्म ‘क्लावे’ या आकृतिबंधांत आहे. शब्दाचा अर्थ किल्ली. चार मात्रांच्या दोन आवर्तनांत मिळून पांच आघात. एकांत तीन, दुसऱ्यांत दोन. दोन लांकडी दांडक्यांवर ते वाजवितात, आणि कोणी वाजविले नाहींत तरी प्रत्येक वादक ते मनांत धरून चालतो. कोंगा, बोंगो, टिंबालेस, खुळखुळे या प्रत्येकाचा वांटा थोडा व ठरलेला. खर्जांतलें वाद्य तर बहुधा पहिली मात्रा मोकळीच सोडतें. तिच्या आधीं वाजून तें पुढें सरकतें.

एकदां मित्रमंडळींत आम्ही असेंच वाजवावयास बसलों. क्लावेचीं दांडकीं सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाच्या हातीं होतीं. आम्हीं सवयीनें प्रत्येक पहिल्या मात्रेवर पाय हाणला. दोन-तीन वेळां सर्व मोडलें. शेवटीं तो मुलगा संकोचानें म्हणाला, “काका, पहिली मात्रा जरा सोडून द्याल का? तिथें कोणीच नसतं.” आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. चूक दाखविल्याचा तो राग नव्हता. ज्या जागेवर आमची सर्व प्रतिष्ठा उभी होती, ती जागा या संगीतांत रिकामी ठेवावयाची असते, हें एका पोरानें सांगावें याचा तो राग होता.

घरीं परततांना पुणतांब्याची आठवण झाली. आमच्याच जिल्ह्यांतील या गोदातीरच्या गांवीं चांगदेवांची समाधि आहे. चौदाशें वर्षांच्या योगसामर्थ्याचा धनी ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास बसला, आणि मायना काय लिहावा हें न सुचून त्यानें कोराच कागद पाठविला. पुढें तो बाल मुक्ताबाईचा शिष्य झाला. ही कथा आम्हीं लहानपणापासून ऐकली होती. ती अज्ञानी माणसाची नसून ज्ञानी माणसाची कथा आहे, हें त्या रात्रीं प्रथम उमगलें. अज्ञान्यास शिकणें सोपें असतें. त्याची पाटी कोरीच असते. आड येतें तें आधींचें ज्ञान, कारण तें प्रत्येक नव्या गोष्टीस जुनें नांव देतें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, याच पुणतांब्यास 1918 सालीं जन्मलेल्या सी. रामचंद्रांनीं असा कोणता संन्यास घेतला होता? 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटांत त्यांनीं लॅटिन धर्तीचे ठेके घेतले, चिक चॉकलेट यांच्यासारखे गोमंतकीय वादक हाताशीं धरले, आणि सारा देश डोलविला. आक्षेप खरा आहे. परंतु दोन्ही गोष्टी एक नव्हेत. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेल्या त्या संगीतकारानें परका ठेका आपल्या घरीं आणला. चाल हिंदी गीताचीच राहिली. आम्ही परक्याच्या घरीं गेलों होतों. पाहुण्यास घरीं बोलावणारा आपल्या रीतीनें पंगत मांडतो. दुसऱ्याच्या घरीं जेवावयास बसणाऱ्यानें त्या घरची रीत पाळावयाची असते. आम्हीं यजमानाचा अधिकार पाहुण्याच्या पाटावर बसून गाजविला.

मग जुनी विद्या टाकून द्यावयाची काय? तसें नव्हे. बो डिडली या अमेरिकन गायकाची 1955 सालची प्रसिद्ध तबकडी आम्हीं शेंकडों वेळां ऐकली होती. तिचा ठेका या क्लावेशीं जुळणारा आहे. म्हणजे ज्यास आम्ही आपलें म्हणत होतों त्यांतही हें दुसरें घर नांदत होतें; आमच्या कानांनीं तेथें कधीं डोकावलें नव्हतें. हात शिकलेला होता तो शिकलेलाच राहिला. सोडावयाची होती ती विद्या नव्हे, तर प्रत्येक ठिकाणीं केंद्रस्थानीं असण्याची मागणी. आणि ती सोडणें हाताच्या नव्हे, मनाच्या कक्षेंतलें काम आहे.

पुढें कित्येक महिने आम्हीं ड्रमला हात लावला नाहीं. केवळ तीं दोन दांडकीं वाजविलीं. आपल्याकडील भजनांत टाळकरी दुसऱ्याच्या अभंगाखालीं तासन्‌तास टाळ धरून असतो, त्याच्या कामाचें मोल त्या काळांत कळलें. आजही पहिली मात्रा जवळ आली कीं आमचा पाय आपसूक उचलतो. कधीं तो आवरतो, कधीं आवरत नाहीं. आवरला नाहीं, तर तो मुलगा आमच्याकडे पाहून हंसतो, आणि आतां आम्हांसही हंसूं येतें.