तिऱ्हाईताचा वाटा

पोरगा अठरा वर्षांचा झाला की हल्ली बऱ्याच घरांत एक मागणी पुढे येते, मला गाडी पाहिजे. पूर्वी पोरे सायकल मागत, मग फटफटी मागू लागली, आता मोटार मागतात. उसाचे बिल आलेले असते, शेजाऱ्याच्या दारात एक उभी असते, आणि आईचे म्हणणे असते की दोन चाकांपेक्षा चार बरी, निदान लेकरू आत तरी राहील. मागणीत वावगे काही नाही. (लेकीने मागितली तर मात्र त्याच घरात स्कूटीवर भागवतात. असो, तो वेगळा विषय.) परंतु या मागणीचा विचार ज्या रीतीने होतो, तिजबद्दल आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

वाचक म्हणतील, टाळ-वीणेच्या मासिकात हे मोटारीचे कुठून काढले? अहो, रस्ता आपलाच आहे ना? आषाढी-कार्तिकीला लाखो पावले त्याच डांबरावरून चालतात. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, कोल्हापूरकडून कार्तिकीसाठी निघालेल्या दिंडीत एक मोटार घुसली आणि सात वारकरी प्राणांस मुकले. ती गाडी कोणा पोराच्या हाती होती असे आमचे म्हणणे नाही. पण मोटारीच्या हिशेबात कडेने चालणारा माणूस कुठे धरला आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाला? त्याच २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हे सरकारी अहवालातले आकडे आहेत.

आता घरचा हिशेब पाहू. दुकानदार सांगतो ती किंमत सहा लाख. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल मोटारीला अकरा टक्के कर, म्हणजे सहासष्ट हजार वर. मग विमा. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर महिना सुमारे १०,३८० रुपयांचा हप्ता बसतो. विकणारा म्हणतो, सात वर्षांचे घ्या, हप्ता आठ हजारांवर येईल. येतो खरा, पण व्याजापोटी त्रेपन्न हजारांच्या आसपास जास्त जातात, आणि पोराचे शिक्षण संपून लग्नाची बोलणी सुरू झाली तरी हप्ता चालूच. त्यात पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग. म्हणून पहिली गाडी जुनी घ्यावी असे जाणती माणसे सांगतात. ते आम्हांस पटते, पण एका अटीवर, आणि ती अट पुढे येईलच.

या सगळ्या बेरजेत एकच ओळ अशी आहे की जी आपल्यासाठी नाही. थर्ड पार्टीचा विमा. थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत, ज्याला आपण ओळखत नाही तो. कायद्याने तो विमा उतरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सीसीच्या आतल्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये आणि पंधराशे सीसीच्या वरच्या मोटारीला ७,८९७ रुपये ठरवले गेले. इंजिन मोठे तर तिऱ्हाईताचा वाटाही मोठा. सरकारने हे ओळखले, पण घरात कोणी ओळखीत नाही. बहुतेक लोक ती ओळ दंड भरावा तशी भरतात.

निवड करताना तर तिऱ्हाईत पुरताच विसरला जातो. बाप म्हणतो, पोरगा नवशिका आहे, ठोकणारच. तेव्हा दणकट गाडी घेऊ, म्हणजे त्याला काही होणार नाही. २०२३ साली भारत एनकॅप नावाची चाचणी आपल्याकडे सुरू झाली. मोटार ठोकून पाहून तीत एक ते पाच तारे देतात. ते तारे अवश्य पाहावे. पण ते आत बसणारी मोठी माणसे आणि मुले किती सुरक्षित आहेत हे सांगतात. बाहेर उभा असलेल्याच्या नावाचा त्यांत तारा नाही. लहान मोटार आठ-नऊशे किलोची असते, मोठी दोन टनांच्या घरात जाते. तिचे नाक उंच असते. लहान गाडी माणसाला पायाशी लागते, ती छातीशी लागते. म्हणजे नवशिक्याच्या चुकीचा मार आत कमी करावयाचा आणि बाहेर वाढवावयाचा, असा तो सौदा होतो.

यावर कोणी म्हणेल, आपल्या लेकराची काळजी आधी घेणे हा काय अपराध झाला? मुळीच नाही. आपल्या ताटातला घास आधी आपल्या मुलाला देणे ही माया आहे, आणि तीत दुसऱ्याचे काही जात नाही. पण येथे घास आपल्या ताटातला नाही. जो धोका आपण निर्माण केला, तो आपल्या मुलावरून उचलून, ज्याला कोणी विचारले नाही अशा माणसाच्या वाटेत ठेवतो आहोत. मदत न करणे आणि अपाय करणे यांत फरक आहे, आणि मायेच्या भरात तो पुसला जातो. तो तिऱ्हाईतही कोणाचे तरी लेकरू असते. हे कीर्तनात ऐकून आपण मान डोलावतो, शोरूममध्ये मात्र आठवत नाही.

तेव्हा आमचे मत असे की पहिली गाडी हलकी आणि बेताच्या इंजिनाची असावी. जुनी चालेल, आणि हीच ती अट : जुनी म्हणजे फार जुनी नको. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकत नाहीत आणि गाडी वळवता येते. याचा लाभ आतल्यालाही होतो नि बाहेरच्यालाही. त्याआधीची स्वस्त गाडी पोराच्या हाती देऊन चाळीस-पन्नास हजार वाचवणे आम्हांस पसंत नाही. वाचवायचेच तर गाण्याच्या डब्यात आणि मोठ्या चाकांत वाचवावे. ते पैसे शिकवणीला लावावे. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या मोटारीचा जो अभ्यासक्रम सरकारने ठरवला, तो एकोणतीस तासांचा आहे. गल्लीतल्या मैदानात चार फेऱ्या मारून ड्रायव्हर होत नसतो.

आणि वयाचे काय? “गावातल्या गावात तर चालवतो,” हे वाक्य आम्ही पुष्कळ ऐकतो. पंधरा-सोळा वर्षांचे पोर रानातून गाडी आणते, आणि बाप चारचौघांत कौतुकाने सांगतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोघे तरुण अभियंते गेले. मोटार सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती होती असे पोलिसांनी सांगितले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. पण गावातला रस्ता पुण्यातल्या रस्त्यापेक्षा मऊ नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले आहे. अठराच्या आतल्या मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक वा मालक दोषी धरला जातो, आणि आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरती खबरदारी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करावयाचे असते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड; गाडीची नोंदणी बारा महिने रद्द; मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. विमा कंपनीनेही तिऱ्हाईताला भरपाई दिली, तरी विनापरवाना चालवले म्हणून ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

शिक्षेच्या भीतीने कोणी शहाणे व्हावे असे आम्हांस वाटत नाही. पण आरसी पुस्तकावर कोणाचे नाव घालावयाचे, हा प्रश्न घरात उघड बोलावा. बापाचे नाव असेल तर बापानेही पहिले वर्षभर शेजारी बसावे. पेट्रोलचा निम्मा खर्च पोराने उचलावा. सुट्टीत कुठे काम करून उचलावा. थर्ड पार्टीचा हप्ताही त्याच्याच हाताने भरून घ्यावा, आणि हा पैसा कोणासाठी आहे ते त्याला सांगावे. किल्ली रात्री खुंटीला परत यावी. आणि वारीच्या दिवसांत पालखी मार्गावर गाडी काढण्याआधी त्याने एक मुक्काम तरी दिंडीबरोबर पायी चालून पाहावा, म्हणजे मागून येणाऱ्या मोटारीचा भोंगा कडेच्या माणसाला कसा ऐकू येतो ते त्याला कळेल.