छपरावरचा सूर्य

चाळिशी उलटली की माणसाला नफ्यापेक्षा मुदतीची काळजी अधिक वाटू लागते. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे ठरले, तेव्हा मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. 3 किलोवॉटसाठी सुमारे 30 चौरस मीटर गच्ची. चांगल्या उन्हात रोजची साधारण 12 युनिट वीज. 2024 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेतून 78,000 रुपये अनुदान. पॅनेलची हमी 25 वर्षांची. त्यानंतरही ते मूळच्या सुमारे 80 टक्के वीज देईल, असे कारखानदार सांगतो. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागणार, आणि धूळ तर वरचेवर पुसावीच लागणार.

हिशेब जुळला. मनात एक चोरटा अहंकारही जागा झाला : आता आपण कोणाचे मिंधे नाही!

तो अहंकार पहिल्याच वळवाने उतरवला. भर दुपारी वादळ झाले, आळीतली वीज गेली. घटकाभरात लख्ख ऊन पडले. पण माझ्या घरातला पंखा काही हलेना! पॅनेल बसवणाऱ्या पोराला मी रागारागाने फोन केला.

तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडे बॅटरी नाही. बाहेरची वीज गेली की ही यंत्रणा आपण होऊन थांबते. ती थांबली नाही, तर तुमची वीज तारेत उतरेल. आणि त्या वेळी खांबावर कोणी चढलेला असला तर?"

मी खिडकीतून पाहिले. कोपऱ्यावरच्या खांबावर आमचा वायरमन चढला होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते.

माझा राग कुठल्या कुठे गेला. दिवसा उरलेली वीज मी तारेत सोडतो, रात्री त्याच तारेतून परत घेतो. म्हणजे सारी आळीच माझी पेढी! पंचवीस वर्षांचा हिशेब मांडताना हा रकाना मी कोराच ठेवला होता. छपरावर सूर्य आला, म्हणून शेजार सुटत नाही. स्वावलंबन म्हणजे कोणाचीही गरज नसणे नव्हे. आपल्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका होणार नाही, एवढी दक्षता घेऊन आपला भार आपण उचलणे, हेच खरे स्वावलंबन नाही का?

यंदाही लक्ष्मीपूजन अमावास्येलाच आहे. त्या रात्री माझ्या दारावरचा आकाशकंदील उजळेल, तो माझ्या सूर्यावर नव्हे. कुठेतरी रात्रपाळी करीत असलेल्या अनोळखी माणसांच्या हातांवर. उंबऱ्यावरची पहिली पणती मी त्यांच्यासाठी लावणार आहे.