तहान आणि मनाईहुकूम



महाडला बाजाराला गेलो की चवदार तळ्यावरून आपण कितीदा जातो! २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून हजारो माणसे त्या तळ्याचे पाणी प्यायली. त्यांनी कायदा मोडला नव्हता. मुंबई विधिमंडळाच्या १९२३ सालच्या ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळे सर्वांना खुले केले होते. तरीही त्यांना मार खावा लागला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरची गोष्ट मात्र आपण कमी सांगतो. दुसऱ्या सत्याग्रहासाठी लोक महाडला जमले. पण तळे खाजगी असल्याचा दावा लावून विरोधकांनी आधीच कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. तळ्याभोवती शांत मिरवणूक काढून, पाण्याला हात न लावता ते परतले. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

दहा वर्षे! ही माघार नव्हे काय? अन्यायी कायदा सदसद्विवेकाला बांधीत नाही, असे संत थॉमस अक्वायनस मानतात. पण मोठा गोंधळ टाळण्यासाठी कधी माणसाने आपला हक्क बाजूला ठेवावा, असेही सांगतात. यात एक मेख आहे. आपला हक्क आपण बाजूला ठेवू शकतो. दुसऱ्याची तहान आपण परस्पर सोडून देऊ शकत नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी सभेत लोकांना पटवून दिले, आणि लढा सोडला नाही, तो कोर्टात चालू ठेवला.

राज्यघटनेचे कलम १९ आपल्याला शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क देते आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधनेही घालू देते. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२० साली म्हटले. हायवेवर रास्ता रोको झाला की पोलादपूरहून दवाखान्यात निघालेला रोगी अडकतो. त्याचा हक्क आपण कोणाला विचारून सोडला? पण सुव्यवस्थेचे नाव घेऊन लोकांना गप्प बसवणाऱ्यांनीही विसरू नये: १९२७ साली शांतता मोडली ती पाणी पिणाऱ्यांनी नव्हे, मारणाऱ्यांनी.

प्रमुख याजकापुढे प्रभू येशूला थप्पड बसली, तेव्हा त्याने हात उगारला नाही. पण तो गप्पही राहिला नाही. त्याने मारणाऱ्याला जाब विचारला.

‘जरा थांबा’ असे आपण दुसऱ्याला सहज सांगतो. तसे सांगताना त्याच्याबरोबर आपणही तहानलेले राहायला तयार आहोत का, हे या आठवड्यात आपण स्वतःला विचारू या.