दोरखंडाचा खर्च

स्वारगेटच्या जेधे चौकातून सातारा रस्त्याला किंवा शंकरशेठ रस्त्याला लागलं की आजूबाजूला मुकुंदनगर, महर्षीनगरच्या जुन्या सोसायट्या येतात. त्यांच्या आवारात पर्जन्यवृक्ष आहेत, गुलमोहर आहेत, गच्चीच्या वर गेलेले नारळ आहेत. मे महिना आला की कमिटीच्या बैठकीत फांद्या उतरवण्याचा विषय निघतो. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज जातो, पाहणी होते, परवानगी येते. मग तीन कोटेशनं मागवली जातात. सर्वांत कमी आकडा निवडला जातो आणि त्यावरही विचारलं जातं, "अजून किती कमी कराल?"

हा प्रश्न विचारणारी माणसं वाईट नसतात. सोसायटीचा पैसा जपून वापरणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. पण कमी केलेले ते पैसे नेमके कुठून निघतात, हे एकदा तरी कागदावर मांडून पाहायला हवं.

समजा, दोन मोठ्या झाडांच्या एका दिवसाच्या कामाचे 15,000 रुपये सांगितले. झाडावर चढणारे दोघे, प्रत्येकी 1,500 प्रमाणे 3,000. खाली दोर धरणारे, फांद्या ओढणारे तिघे, 800 प्रमाणे 2,400. पाला आणि फांद्या नेणाऱ्या टेम्पोच्या खेपांचे 3,000. यंत्र-करवतीचं पेट्रोल आणि ऑइल 1,000. साखळीला धार, झीज, दुरुस्ती यांचे 800. दोरखंड आणि कमरपट्टे ठरावीक काळाने बदलावे लागतात, त्याचे दिवसाला 500 धरू. झाले 10,700. उरलेल्या 4,300 मधून टोळीच्या मालकाने पाहणीच्या चकरा, विमा, पुढच्या यंत्राची तजवीज, बिनकामाचे दिवस आणि स्वतःचं घर चालवायचं. आता कमिटीने घासाघीस करून हे काम 11,000 वर आणलं.

पेट्रोल पंपावर घासाघीस चालत नाही. टेम्पोवाला खेपेचे पैसे सोडत नाही. धार न लावता करवत चालवली तर काम दुप्पट वेळ घेतं. मग हलवता येण्याजोग्या तीनच गोष्टी उरतात: मजुरी, माणसांची संख्या आणि दोरखंड. खालच्या तिघांचे दोघे होतात. दोर उन्हाने, चिकाने कडक झालेला असला तरी आणखी एक मोसम चालवला जातो. नेहमीच्या चढणाऱ्याऐवजी मजूर अड्ड्यावरून निम्म्या रोजावर कोणीतरी आणला जातो. त्याला झाडावर चढता येतं, पण हातात चालू करवत असताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

झाडालाही याचा भुर्दंड पडतो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर भाग राखून नीट काप घ्यायला वेळ लागतो, मोठी फांदी तीन कापांत आणि दोराने उतरवावी लागते. स्वस्तातल्या कामात शेंडाच उडवला जातो. वर्षा-दोन वर्षांत त्या ठुंठावर भराभर कोंब येतात, पण त्यांची पकड वरवरची असते. खाली लाकूड कुजत जातं आणि एखाद्या वळवाच्या पावसात तीच फांदी गाडीवर येते. "लाकूड तुम्ही न्या आणि पैसे कमी करा" हा सौदा तर त्याहून घातक. त्यात जास्त कापण्यातच ठेकेदाराचा फायदा असतो.

झाडांच्या बाजूने आपल्याकडे 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा-वृक्षाचा वेगळा दर्जाही दिला. वृक्षगणनेत झाडाची नोंद असते. त्याच झाडावर चढणाऱ्या माणसाची नोंद मात्र कुठल्याच वहीत नसते. झाडं तोडणं, ताडी उतरवणं ही कामं 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी आली होती, म्हणजे यातला धोका फार पूर्वीच ओळखला गेला होता. पण कर्मचारी राज्य विमा योजना साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांची. पाच जणांची टोळी तिच्या बाहेरच राहते.

स्वारगेटहून मार्केट यार्ड फार लांब नाही. तिथल्या हमालांची गोष्ट इथे मला फार मोलाची वाटते. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला कायमचा मालक नव्हता, म्हणून त्याला रजा नव्हती, फंड नव्हता, आजारपणाचा आधार नव्हता. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं आणि 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची रचना साधी आहे. व्यापाऱ्याने मजुरी माथाडी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपचार. म्हणजे ज्याचा माल उचलला गेला, त्यानेच वाहणाऱ्याच्या म्हातारपणाचा वाटा द्यायचा. हे तत्त्व एकदा पटलं तर आपल्या आवारातल्या फांदीला ते का लागू नये, याचं उत्तर मला सापडत नाही.

टोळीच्या मालकाचीही जबाबदारी यातून सुटत नाही. भर पावसात ओल्या सालीवर चढणं धोक्याचं, म्हणून काम थांबतं. त्या आठवड्यांत कसलेला माणूस सोडून दिला तर तो दुसऱ्या धंद्याला लागतो, आणि उचल देऊन बांधून ठेवला तर पुढचं वर्षभर त्याची मजुरी त्यातच वळती होत राहते. बिनकामाच्या दिवसांची थोडी रक्कम मोसमातल्या प्रत्येक कामाच्या दरात धरणं आणि ती गिऱ्हाइकाला उघडपणे सांगणं हा सरळ मार्ग आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण मिळतं. तो तर प्रत्येकाचा असलाच पाहिजे. पण चाळीस फुटांवरून पडून कणा मोडलेल्याचा दवाखान्याचा खर्च त्यात बसत नाही. त्यासाठी टोळीचा वेगळा अपघात विमा लागतो आणि तो कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दिसला पाहिजे.

आणखी एक गोष्ट कमिटीच्या हातात आहे. मजुराला संध्याकाळी रोज द्यावा लागतो आणि चेक मात्र पुढच्या बैठकीनंतर निघतो. मधले दिवस मालक उसनवारीवर काढतो. येत्या मे महिन्यात कोटेशनं मागवाल तेव्हा माणसं किती, विमा कोणाचा, दोर कधीचा, हे लिहून मागा. तिन्हींची उत्तरं देणाऱ्याचा आकडा दोन हजारांनी जास्त असेल. तीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत ते घरटी सत्तर रुपयेही होत नाहीत. ते मान्य करा आणि काम संपेल त्या संध्याकाळी चेक हातात द्या.