आणखी एक वर्ष



उपवासकाळ सुरू झाला की आपल्या वेदीवरील फुले जातात. काही ठरावीक सण सोडले, तर पास्काच्या रात्रीपर्यंत वेदी उघडीच राहते. नेमक्या याच दिवसांत आपल्या वसईच्या वाड्यांतून मोगरा फुलू लागतो. देवळात फुलांचा उपास आणि वाडीत फुलांचा सण, असा हा योग दरवर्षी येतो.

गेल्या आठवड्यात आम्ही आपल्या धर्मग्रामातील एका वाडीत गेलो होतो. जेमतेम वीस गुंठे जमीन, एक विहीर, निम्म्या भागात मोगरा आणि निम्म्या भागात भाजी. या घराने तीन वर्षांपूर्वी रासायनिक खत आणि फवारणी बंद केली. पहाटे साडेपाचला घरातील आजी आणि सूनबाई कळ्या खुडत होत्या. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते. म्हणून ती पहाटे, मिटलेली असतानाच खुडावी लागते, तरच दादरच्या बाजारात तिला भाव मिळतो.

आजींनी आम्हांला त्यांचे वर्ष सांगितले. मृगाचा पाऊस पडला की भेंडी, काकडी, शिराळी आणि पडवळ. त्याच सुमारास निंबोळ्या वेचून वाळवून ठेवायच्या. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या की शंभर लिटर पाण्याचे औषध होते. थंडीत मेथी, पालक, मुळा, वांगी आणि वाल. थंडीतच मोगऱ्याचे पाणी तोडायचे, पाने झडू द्यायची आणि झाडाची छाटणी करायची. मग बुंध्याभोवती खणून शेणखत घालायचे आणि पुन्हा पाणी सोडायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिल्या कळ्या दिसतात. "फादर, छाटलेल्या दिवशी झाड बघवत नाही," आजी म्हणाल्या, "पण छाटलं नाही तर फूल नाही."

आजोबा मात्र गप्प होते. निघताना ते म्हणाले, "फादर, पहिल्या वर्षी कळ्या निम्म्यावर आल्या. दुसऱ्या वर्षी अळीने कळ्या पोखरल्या. यंदा जरा बरं आहे, पण देणं फिटलेलं नाही. मुलगा म्हणतो, पुन्हा फवारणी सुरू करा, नाहीतर जमीन देऊन टाका. जमिनीला गिऱ्हाईक आहे." आजी एवढेच म्हणाल्या, "आणखी एक वर्ष बघू."

हे शब्द आम्ही कुठेतरी ऐकले होते. लूकलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मळ्याचा धनी तीन वर्षे फळ पाहायला येतो आणि त्याला काही मिळत नाही. तो माळ्याला सांगतो की झाड तोडून टाक, उगीच जागा कशाला अडवते? माळी एका वर्षाची मुदत मागतो.

धन्याचा हिशेब चुकीचा नाही. जमीन थोडी आहे, खर्च होतो आहे आणि फळ नाही. माळीही तो हिशेब खोडून काढत नाही. तो फक्त आपले कष्ट त्यात घालतो. मी भोवती खणीन, खत घालीन, मग पाहा, असे तो म्हणतो. ख्रिस्ती माणसाची सहनशीलता ही अशी हातात कुदळ घेतलेली असते. हात जोडून नुसते वाट पाहणे म्हणजे सहनशीलता नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पुढच्या वर्षी त्या झाडाला फळ आले की नाही, हे प्रभू येशू सांगत नाही. दाखला त्या वर्षाच्या आतच थांबतो. आपणही त्याच वर्षात उभे आहोत.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात दुसरा दाखला आहे. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि जमीन आपोआप पीक देते. या 'आपोआप'साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्याच कुळातला आपला 'ऑटोमॅटिक' हा शब्द. आज तो ऐकला की आपल्याला यंत्र आठवते, बटण दाबताच चालणारे. जमिनीचे 'आपोआप' तसे नाही. त्यात गांडूळ आहे, कुजलेला पाला आहे, मावा खाणारा ढालकिडा आहे. हे सारे देवाचे मजूर आहेत. वर्षानुवर्षांच्या विषाने ते हाकलले गेले, तर त्यांना परत यायला वेळ लागतो. तोपर्यंतचा तोटा कोणीतरी सोसावा लागतो. आज तो एकच घर सोसते आहे.

येथे आम्हांला आमची चूक कबूल केली पाहिजे. मागच्या वर्षी त्या आजींनी मेथीची जुडी आणली, तेव्हा पानांना भोके आहेत असे आम्हीच हसून म्हणालो होतो. पास्काच्या सणाला आपण शहरातून जरबेरा आणि कार्नेशन मागवले. त्याच आठवड्यात आपल्या गावचा मोगरा दादरला पडत्या भावाने गेला. जे शेतकरी बांधव आजही फवारणी करतात त्यांना दोष देण्यापूर्वी आपण थांबू या. डाग नसलेले वांगे आणि भोक नसलेले पान मागून तो पंप त्यांच्या पाठीवर आपणही चढवला आहे.

असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग न लावता सोडायला सांगत, म्हणजे तेथे रानफुले उगवतील आणि पाहणारा देवाची आठवण करील. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मधील 'लाउदातो सी' या विश्वपत्रात ही आठवण मुद्दाम दिली आहे.

म्हणून या उपवासकाळात आपण तीन गोष्टी करू या. रविवारी मिस्सानंतर देवळाच्या फाटकाजवळ या घराची भाजी असेल. सांगितलेला भाव घासाघीस न करता देऊ या. यंदा पास्काची वेदी गावच्या मोगऱ्याने सजवू या. फुले कमी पडली तर कमी फुलांनी सण करू. आणि ज्यांची स्वतःची वाडी आहे त्यांनी निदान एक वाफा औषधाशिवाय लावून पाहावा. आजी शिकवायला तयार आहेत.

आपण मांसाहार सोडतो, गोड सोडतो. यंदा थोडा तोटा वाटून घेऊ. तोही उपासच आहे.

प्रार्थना करू या: हे प्रभो, आम्ही निष्फळ असतानाही तू आम्हांला मुदत दिलीस. तोच धीर आम्हांला आमच्या शेजाऱ्यासाठी दे. आमच्या हाती कुदळ दे आणि पीक तुझ्या हाती राहू दे. आमेन.

आपले धर्मगुरू